बीएनएचएसचं जर्नल : कपाटातले नमुने आणि छापील पानं

शेकरू (धागाकर्ता)

बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हटलं की पक्षीतज्ज्ञ सलीम अली आठवतात, धनेशाचं बोधचिन्ह आठवतं, रविवारच्या निसर्गभ्रमंत्या आठवतात. संस्थेच्या जर्नलचं नाव मात्र क्वचितच कुणी काढतं. गेल्या पावसाळ्यापासून त्याचे जुने खंड वाचतोय आणि माझं ठाम मत झालंय की या संस्थेने जे छापलं ते तिच्या कपाटांतल्या नमुन्यांइतकंच मोलाचं आहे. पक्ष्याचं कातडं जपून ठेवलं, पण ते कुणी, कुठे, कशासाठी गोळा केलं हे छापलं गेलं नाही, तर ते मुकं राहतं. आणि नुसतं छापलं, नमुना ठेवलाच नाही, तर शंभर वर्षांनी पडताळायचं कशावरून?

सुरुवात अगदी छोटी आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जमले. तेच आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आठांतले दोघे आपले मराठी डॉक्टर होते. एक आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. दुसरे सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील आणि औषधी वनस्पतींचे जाणकार. प्राण्यांविषयी पाहिलेलं एकमेकांना सांगायचं आणि मिळालेले नमुने दाखवायचे, एवढाच हेतू. १८८४ च्या जानेवारीत हर्बर्ट फिप्सन या वाइनच्या व्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानात जागा दिली. पसारा वाढला तशी १८८६ मध्ये अपोलो स्ट्रीटवर ६ नंबरला जागा झाली.

त्याच वर्षी जानेवारीत जर्नलचा पहिला अंक निघाला. संपादक होते आर. ए. स्टर्नडेल आणि ई. एच. एटकेन. सखाराम अर्जुन १८८५ मध्येच वारले, त्यामुळे त्यांना हा अंक पाहायला मिळाला नाही. मला याची फार हळहळ वाटते.

छापायची गरज का पडली? मुंबईतली बैठक मुंबईकरांपुरती. सभासद तर देशभर पांगलेले : जंगल खात्यातले, लष्करातले, मुलकी अधिकारी, डॉक्टर, चहामळेवाले. त्यांच्यासाठी संस्था म्हणजे टपालाने येणारा अंकच. तो वाचून माणूस आपल्या भागात काय दिसतं ते लिहून पाठवायचा, सोबत एखादं कातडं, सापाची बरणी, किड्यांची पेटी. मुंबईत ते ओळखलं जायचं, कपाटात जायचं आणि पुढच्या एखाद्या अंकात चार ओळी यायच्या. त्या चार ओळी वाचून आणखी कुणी तरी पत्र लिहायचं. संग्रह असा वाढला.

म्हणून अंकाच्या शेवटी येणारं ‘मिसलेनियस नोट्स’ हे सदर मला जर्नलचा गाभा वाटतं. कुठे वाघाचं वजन, कुठे एखाद्या पक्ष्याचं अवेळी घरटं, कुठे सापाने गिळलेल्या भक्ष्याची नोंद. लिहिणारे बहुतेक हौशी. मोठे विद्वान आणि तालुक्याच्या गावी बसलेला माणूस एकाच अंकात छापून येतात, हे त्या काळी सोपं नव्हतं.

दुसरी मोठी गोष्ट लेखमालांची. ई. सी. स्टुअर्ट बेकर हे पोलिस अधिकारी. त्यांची भारतीय बदकांवरची मालिका आधी जर्नलमध्ये आली आणि १९०८ मध्ये तिचं पुस्तक झालं. फ्रँक वॉल हे लष्करी डॉक्टर. त्यांनी नेहमी आढळणाऱ्या सापांवर १९०५ ते १९१९ अशी चौदा वर्षं मालिका लिहिली, रंगीत प्लेट्ससकट. साप विषारी की बिनविषारी हे खवल्यांवरून कसं ओळखावं याचं त्यांचं वेगळं पुस्तकही संस्थेने काढलं आणि त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. सेंट झेवियर्सचे फादर ब्लाटर यांनी तर ताडकुळापासून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींच्या फेरतपासणीपर्यंत कित्येक वर्षं याच पानांतून काम केलं. मालिका म्हणून छापायचं, वाचकांच्या दुरुस्त्या घ्यायच्या, मग पुस्तक करायचं, ही पद्धत मला विलक्षण शहाणपणाची वाटते.

आणि मग १९११. डब्ल्यू. एस. मिलार्ड सचिव आणि संपादक असताना संस्थेने सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. भारत, ब्रह्मदेश आणि श्रीलंकेत पगारी संग्राहक पाठवले, १९२३ पर्यंत सुमारे २५,००० नमुने जमवले, आणि जिल्ह्याजिल्ह्याचा अहवाल जर्नलमध्ये छापला. एका खासगी संस्थेने वर्गणी गोळा करून हे केलं.

तुमच्यापैकी कुणी हे खंड चाळले आहेत का? आपापल्या जिल्ह्याचं काय सापडलं ते लिहा.

खानदेशी

लेख आवडला. पाहणीचा पहिला अहवाल आमच्या खानदेशचा आहे असं ऐकलंय, खरं का?

शेकरू

@खानदेशी, खरं आहे. पहिला अहवाल खानदेशचा, गोळा करणारे सी. ए. क्रम्प. त्यानंतर वऱ्हाड. धारवाड, कारवार, काठियावाड हे पुढचे. म्हणजे देशव्यापी कामाची सुरुवात तापीच्या खोऱ्यातून झाली.

अनघा_प

कीर्तिकरांचं नाव यायला हवं. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी वैद्यक सेवेत लेफ्टनंट कर्नल पदापर्यंत गेले आणि १८९० च्या दशकात जर्नलमध्ये मुंबईच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. पुढे बी. डी. बसूंबरोबरचा त्यांचा औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९१८ मध्ये आला, पण स्वतः कीर्तिकर १९१७ मध्येच गेले.

हेच कीर्तिकर मराठीत कविता लिहायचे आणि १९०९ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते! संमेलनाध्यक्षांची यादी पाठ असणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं. शास्त्र आणि साहित्य एकाच माणसात इतक्या सहज नांदत होतं, ते आपण विसरून गेलो याचं मला खरंच वाईट वाटतं.

वसईकर

धागा चांगला आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. जुने खंड मीही पाहिलेत. पानामागून पान शिकार. कुणाला किती इंची शिंगं मिळाली, कुठला बिबट्या कुठल्या बंदुकीने पडला. लिहिणारे बहुतेक साहेब. जंगलाची वाट दाखवणारा कातकरी, भिल्ल, ठाकर यांचं नाव कुठेच नाही. तो नुसता ‘माझा शिकारी’ किंवा ‘एक गावकरी’. पक्ष्याचं घरटं शोधून देणारा पोरगा तर तेवढाही नाही. आणि सस्तन प्राण्यांच्या पाहणीतले नमुने गेले कुठे? पहिली निवड लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची. नव्या जातींची नावं ओल्डफील्ड थॉमस यांनी तिथे बसून ठेवली. जंगल खात्यातले अधिकारी रॉटन निवृत्तीनंतर लंडनलाच बसून पाहणीचे अहवाल लिहीत होते. मग ‘आपली’ परंपरा म्हणून किती कौतुक करायचं?

शेकरू

@वसईकर, आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नये. वाटाड्यांची नावं न छापणं हा अन्याय होता, त्याला ‘त्या काळची रीत’ म्हणून मी सोडणार नाही.

पण दोन गोष्टी. लंडनला गेलेल्या नमुन्याचा ठावठिकाणा आज आपल्याला कळतो तो जर्नलमुळे. गाव, तारीख, उंची, गोळा करणाऱ्याचं नाव हे सगळं मुंबईत छापलं गेलं, म्हणून दावा तरी सांगता येतो. दुसरं, संग्राहकांत एन. ए. बाप्टिस्टा यांच्यासारखी नावं दिसतात. ही माणसं कोण होती, त्यांना काय मोबदला मिळत होता, हे शोधायला कुणी तरी बसायला हवं. त्यासाठीही हातात हीच पानं आहेत.

शिकारीच्या नोंदींचं म्हणाल तर कुठल्या जिल्ह्यात कुठलं जनावर कधीपर्यंत होतं याचा पुरावा आज त्यांच्यातूनच काढावा लागतो. मलाही वाचताना त्रास होतो. तरी वाचतो.

भीमगड

मी बेळगावजवळच्या खानापूरचा. थॉमस यांचं नाव निघालंच आहे तर आमच्याकडची गोष्ट सांगतो.

तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे, गोव्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. १९१२ मध्ये एस. एच. प्रेटर तिथून एक वटवाघूळ घेऊन आले. तेव्हा ते बाविशीतले. थॉमस यांनी १९१३ मध्ये ही नवीन जात म्हणून जाहीर केली, आणि तो लेख छापला मुंबईच्या जर्नलमध्ये, २२ व्या खंडात. नाव रॉटन यांच्यावरून : ओटोमॉप्स रॉटनी. त्याच खंडात पुढे प्रेटर यांची त्या गुहांवर आणि वटवाघळांवर वेगळं टिपण आहे.

पुढे कित्येक दशकं हे वटवाघूळ जगात फक्त याच गुहेतलं म्हणून माहीत होतं. नंतर कंबोडिया आणि मेघालयातून नोंदी आल्या. आमच्या भागातल्या भीमगडच्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळावा म्हणून लोक भांडले तेव्हा याच वटवाघळाचं नाव पुढे होतं, आणि २०११ मध्ये अभयारण्य झालं. थॉमस यांच्या लेखाची पानं जेमतेम पाच आहेत. मी ती छापून घरात ठेवली आहेत.

प्रेटर यांच्याबद्दल आणखी. ते पुढे संस्थेचे क्युरेटर झाले, भारतातल्या प्राण्यांवरचं त्यांचं पुस्तक १९४८ मध्ये आलं आणि ते संविधान सभेचे सदस्यही होते.

दुर्बीण

वा, भीमगड! अशा प्रतिसादांसाठीच धागा वाचते.

माझा आवडता लेख १९३१ चा, ३४ व्या खंडातला. सलीम अलींचा सुगरणीवरचा. याला संग्रहालयाची पार्श्वभूमी आहे, म्हणून इथे लिहिते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा निसर्गविभाग बीएनएचएसच सांभाळायची. त्याची दालनं १९२३ मध्ये खुली झाली. १९२६ मध्ये सलीम अली तिथे गाइड-लेक्चरर लागले. मग शिकायला बर्लिनला गेले, आणि १९३० मध्ये परत येतात तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. नोकरी नाही, म्हणून अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरणींची वसाहत होती.

त्यांनी पाहिलं ते असं : नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडलं तर ताबा घेते. मग नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. म्हणजे एका नराचे एकामागून एक संसार. सुगरणीबद्दल आपल्याकडे किती पिढ्या बोललं गेलं, बहिणाबाईंनी तिला काव्यात अमर केलं. पण घरटं कोण विणतं, कोण निवडतं, हे रोज बसून पाहून क्रमवार कुणी मांडलं नव्हतं. ना प्रयोगशाळा, ना अनुदान. कोकणातलं एक गाव, शिडी आणि वही. आणि ते छापायला तयार असलेलं जर्नल घरापासून एका बोटीच्या अंतरावर.

माझ्या मते सलीम अलींचं नाव झालं ते या लेखाने. १९४१ चं पक्ष्यांचं पुस्तक लोकप्रिय आहेच, ते संस्थेनेच काढलं. पण संशोधक म्हणून पाया इथे आहे.

नागपूरकर

विदर्भाची हजेरी लावतो. ई. ए. डी’आब्रू हे नागपूरच्या सेंट्रल म्युझियमचे, म्हणजे आमच्या अजबबंगल्याचे, क्युरेटर. त्यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी १९३५ मध्ये जर्नलच्या ३८ व्या खंडात छापली. विदर्भात पक्षीगणना करणाऱ्यांना आजही तिच्यापासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्या संग्रहालयातल्या माणसालाही मुंबईचं जर्नल आपलं वाटत होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

खानदेशी

वनपिंगळा या दुर्मिळ घुबडाचा पुन्हा लागलेला शोध जर्नलमध्येच आला ना? आमच्या शहाद्याजवळ १९९७ मध्ये सापडला तो.

शेकरू

@खानदेशी, नाही, तो लेख १९९८ मध्ये ‘फोर्कटेल’ या नियतकालिकात आला. पण या धाग्याच्या विषयाशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे, म्हणून थोडं लांबवतो.

वनपिंगळ्याचे खरे नमुने १८८४ पर्यंतचेच. त्यातले बरेचसे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केलेले. त्यानंतरचा एकच नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा, १९१४ चा, तापीकाठच्या मांडवीचा म्हणून. सगळे जण हा पक्षी १९१४ पर्यंत गुजरातेत होता असं धरून चालले. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ रिप्ली यांनी १९७६ मध्ये जर्नलच्या ७३ व्या खंडात या पिंगळ्याचा फेरविचार मांडला, तेव्हाही हा नमुना संशयाबाहेर होता.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने एकेक करून तपासले. मांडवीचा तो पक्षी म्हणजे डेव्हिडसनचाच एक नमुना निघाला, ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पुन्हा शिवून खोटी चिठ्ठी लावलेला. मग शोध घेणाऱ्यांनी मांडवीचा नाद सोडला, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर भर दिला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ पक्षी दिसला. ११३ वर्षांनी.

एका खोट्या चिठ्ठीने कित्येक वर्षं लोकांना चुकीच्या जागी फिरवलं. मी सुरुवातीला नमुना आणि पान यांच्या जोडीबद्दल म्हणालो ते यासाठी.

जर्नलच्या वाट्याचा असा मोठा शोध हवा असेल तर जेरडनचा धाविक हा दुर्मिळ पक्षी. आंध्रात १९८६ च्या जानेवारीत बीएनएचएसच्या भारत भूषण यांना तो पुन्हा सापडला आणि त्याच वर्षी ८३ व्या खंडात पहिल्याच पानापासून तो लेख आहे.

जुनी_पानं

ग्रंथालयात नोकरी केली आहे, त्या अनुभवातून थोडी भर.

पहिलं, खंड आणि वर्ष यांचा मेळ बसेल अशी अपेक्षा ठेवू नका. १८८६ ला पहिला खंड, १९१३ ला २२ वा, १९३१ ला ३४ वा, आणि शंभरावा २००३ मध्ये. एक खंड दोन वर्षांत विभागलेला असतो. संदर्भ देताना खंड, अंक, पान तिन्ही द्या, नाहीतर पुढच्याला सापडत नाही.

दुसरं, पहिल्या महायुद्धातले खंड आवर्जून पाहा. सभासद इराकच्या आघाडीवर गेले आणि तिथूनही नोंदी, कातडी, किडे पाठवत राहिले. १९२३ मध्ये संस्थेने त्या सगळ्याचं इराकच्या प्राणिजीवनावर स्वतंत्र पुस्तक काढलं. मुंबईच्या संस्थेने इराकचा ग्रंथ छापावा हे आज नवल वाटतं, पण सभासद जिथे गेले तिथे जर्नल गेलं.

तिसरं, हुमायून अब्दुलअलींची सूची. यावर कुणीच लिहिलं नाही म्हणून मुद्दाम. संस्थेच्या संग्रहातल्या पक्ष्यांची नमुनावार यादी त्यांनी जर्नलमध्ये १९६८ पासून १९९६ पर्यंत भागाभागाने छापली. प्रत्येक कातडं हातात घेऊन मापं, ठिकाण, तारीख, शंका. २८ वर्षं! ना नवीन जात, ना गाजणारी बातमी. पण संग्रहालयाने काय छापावं असं मला कुणी विचारलं तर मी आधी ही सूची दाखवीन. कपाटात काय आहे हे जगाला सांगितल्याशिवाय कपाटाचा उपयोग नाही.

स्वातंत्र्यानंतर संस्था आर्थिक अडचणीत होती आणि सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंना लिहून मदत मिळवली. ती मिळाली नसती तर यातलं पुढचं काहीच आलं नसतं.

एक व्यथा : काही ग्रंथालयांतल्या खंडांतून रंगीत प्लेट्स ब्लेडने कापून नेलेल्या पाहिल्या आहेत. चौकटीत लावायला असाव्यात. वाचकाला ‘प्लेट २ पाहा’ असं पान मिळतं आणि समोर नुसती कापलेली कड. अशा वेळी फार राग येतो.

वसईकर

@जुनी_पानं, अब्दुलअलींबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. माझं मूळ मत कायम आहे, पण ही सूची वाचायला घेतो.

प्राजक्ता_एमएस्सी

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. दोन प्रश्न. जुने खंड घरबसल्या कुठे मिळतील? आणि आता मोबाइलवर लगेच नोंद टाकता येते, मग छोट्या टिपणांना काही अर्थ उरलाय का? आमच्याकडे सांगतात की मोठ्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकातच छापा, बाकी गुण मिळत नाहीत.

दुर्बीण

पहिल्याचं उत्तर : बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर खंड स्कॅन केलेले आहेत, विनामूल्य. शास्त्रीय नावाने शोधता येतं. पण जुनी नावं बदलली आहेत, तेव्हा आधी त्या प्राण्याचं तेव्हाचं नाव काढून घे.

शेकरू

@प्राजक्ता, दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मोबाइलवरच्या नोंदी हव्यातच, मीही टाकतो. पण तिथे ‘काय, कुठे, केव्हा’ एवढंच राहतं. ‘हे नवीन का आहे, आधी कुणी काय लिहिलं होतं, आणि माझी ओळख चुकली असण्याची शक्यता किती’ हे लिहायला परिच्छेद लागतो, आणि तो छापण्याआधी जाणकाराने वाचावा लागतो. टिपण म्हणजे तेच. जर्नलमध्ये ते सदर आजही आहे.

गुणांचं गणित मला बदलता येणार नाही. पण तुझ्या तालुक्यातल्या बेडकावर दोन पानं लिहिलीस तर पन्नास वर्षांनी तो बेडूक शोधणारा माणूस त्या पानापर्यंत पोचेल. त्याला गुणपत्रिकेशी काही देणंघेणं नसेल.

जुनी_पानं

@प्राजक्ता, लिहायला घेशील तेव्हा आधी त्या जातीच्या जुन्या टिपणांची यादी कर आणि इथे टाक. खंड-पान पडताळून द्यायचं काम माझ्याकडे.

खानदेशी

क्रम्पचा अहवाल उतरवून घेतला. खंड २१. गावांची इंग्रजी स्पेलिंगं चमत्कारिक आहेत, पण आमच्याकडच्या माणसाला ओळखता येतील. चोपडा, यावल, रावेर भागातलं कुणी असेल तर कळवा, नकाशावर बसवून पाहू.